लिंकनच्या घरातली माणसं: मराठी वंशावळीच्या फलकासाठी नाती, तारखा आणि मांडणी

वाचनकट्टा_करवीर

१२ फेब्रुवारीला लिंकन जयंती. त्या आठवड्यात आमच्या वाचनालयात अमेरिकेच्या यादवी युद्धावर छोटं प्रदर्शन आहे. त्यात अब्राहम लिंकनच्या कुटुंबाचा एक मोठा फलक लावायचाय, आजोबांपासून शेवटच्या पणतवंडापर्यंत, सगळा मराठीत. बघायला येणार आठवी ते दहावीची मुलं आणि रोज सकाळी पेपर वाचायला येणारी ज्येष्ठ मंडळी. नाव आणि जन्म-मृत्यूची सालं जमवलीत. घोडं अडलंय ते पुढच्या गोष्टींत.

इंग्रजीत निनियन एडवर्ड्‌स, बेन हेल्म, लेव्ही टॉड, ॲरन ग्रिग्जबी आणि डेनिस हँक्स हे सगळे 'ब्रदर-इन-लॉ'. आपल्याकडे या पाचांना एकच शब्द लावला तर पेपर वाचणारे आजोबा दारातच धरतील. डेनिसला तर कुठे 'कझिन'ही म्हटलंय.

दुसरं, 'सावत्र' हा शब्द फलकावर इतक्या वेळा येतोय की कोण कुणाचं सावत्र ते कळेनासं झालंय.

तिसरं, लिंकनची सावत्र आई आणि बायको, दोघींची जन्मतारीख १३ डिसेंबर आली आहे. टायपिंगची चूक आहे का?

शिवाय आकार किती ठेवायचा, आणि सगळं कुटुंब एकत्र बसलेला तो प्रसिद्ध फोटो वापरावा का? शाळेतल्या एका मॅडमनी लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून फिरतं ते पत्रही लावा असं सुचवलंय.

खरी_कॉर्नर

नात्यांचं मी सांगतो. इंग्रजी शब्द समोर ठेवून मराठी शब्द शोधायला गेलात की चुकणारच. आधी दोन गोष्टी विचारायच्या: नातं कुणाकडून आलं, आणि ज्याच्यामुळे आलं तो थोरला की धाकटा. मग शब्द आपोआप सापडतो.

ॲरन ग्रिग्जबी: अब्राहमची सख्खी थोरली बहीण सारा हिचा नवरा. म्हणजे कोल्हापुरात दाजी, पुण्याकडे भावोजी. लग्न ऑगस्ट १८२६ चं. सारा २० जानेवारी १८२८ ला बाळंतपणात गेली.

लेव्ही टॉड: मेरीचा सख्खा भाऊ, म्हणून मेहुणा. जॉर्ज टॉड तसाच.

निनियन एडवर्ड्‌स: मेरीची थोरली बहीण एलिझाबेथ हिचा नवरा, म्हणजे साडू. स्प्रिंगफील्डमधल्या यांच्याच घरी ४ नोव्हेंबर १८४२ ला अब्राहम आणि मेरीचं लग्न लागलं, आणि याच घरी १६ जुलै १८८२ ला मेरी वारली. एलिझाबेथ ही बायकोची थोरली बहीण, तेव्हा तिला नुसतं 'मेहुणी' म्हणण्यापेक्षा 'आकडसासू' लिहा. मुलांना माहीत नसेल, पण फलकासमोर उभ्या आज्जी त्यांना सांगतील.

डॉ. विल्यम वॉलेस तुमच्या यादीत नाहीत, ते घ्या. मेरीची दुसरी थोरली बहीण फ्रान्सिस हिचा नवरा, म्हणजे हेही साडू. लिंकनच्या तिसऱ्या मुलाचं नाव विल्यम वॉलेस, अर्थात विली, ते या साडूवरूनच ठेवलं.

बेंजामिन हार्डिन हेल्म: मेरीची सावत्र धाकटी बहीण एमिली हिचा नवरा. हाही साडूच, पण धाकटा. १८६१ मध्ये लिंकनने याला संघराज्याच्या सैन्यात पगार वाटणाऱ्या अधिकाऱ्याची जागा देऊ केली होती. ती नाकारून हा दक्षिणेकडे गेला, ब्रिगेडियर जनरल झाला आणि सप्टेंबर १८६३ मध्ये चिकामॉगाच्या लढाईत पडला. त्याच डिसेंबरात विधवा एमिली व्हाइट हाउसमध्ये बहिणीकडे येऊन राहिली. म्हणजे शत्रूच्या सेनापतीची बायको राष्ट्राध्यक्षाच्या घरी पाहुणी. हे एवढं वाक्य फलकावर ठेवलंत तर यादवी म्हणजे काय ते पोरांना दुसरं काही न सांगता कळेल.

आता डेनिस हँक्स. हा खरा गुंता. अब्राहमच्या आईची आई ल्युसी हँक्स. ल्युसीची एक बहीण, तिचंही नाव नॅन्सी हँक्सच, आणि डेनिस तिचा मुलगा. म्हणजे डेनिस हा अब्राहमच्या आईचा मावसभाऊ. आपल्या हिशेबाने अब्राहमचा लांबचा मामा, वयाने अवघा दहा वर्षांनी मोठा. पुढे याच डेनिसने अब्राहमच्या सावत्र आईच्या पहिल्या घरच्या मुलीशी, सारा एलिझाबेथ जॉन्स्टनशी लग्न केलं. तेव्हा मामाचा दाजी झाला. आपल्याकडे मामा आणि दाजी एकच असणं काही नवल नाही, पण इथे मामा-भाचीचं रक्त एक नाही हे लक्षात ठेवा. खोक्यात 'आईचा मावसभाऊ. पुढे सावत्र बहिणीचा नवरा' एवढं लिहा, 'कझिन' गाळा.

सावत्रबद्दल. मराठीत हा एकच शब्द दोन वेगळ्या नात्यांना चालतो, म्हणून घोळ होतो. मेरीची सावत्र भावंडं म्हणजे वडील एक, आई वेगळी. अब्राहमची सावत्र भावंडं म्हणजे एलिझाबेथ, मटिल्डा आणि जॉन जॉन्स्टन. यांचे आई-वडील दोन्ही वेगळे. सारा बुश ही डॅनियल जॉन्स्टनची विधवा, ती २ डिसेंबर १८१९ ला टॉमस लिंकनशी लग्न करून तीन मुलं घेऊन आली. यांना 'सावत्र आईची पहिल्या घरची मुलं' असं लिहा. लांब आहे, पण अचूक आहे. विधवेचा मुलांसकट पुनर्विवाह हा कोल्हापूरच्या वाचकांना सांगायचा असेल तर जोडीला एवढंच आठवून द्या की करवीर संस्थानात पुनर्विवाहाचा कायदा शाहू महाराजांनी केला तो १९१७ साली, म्हणजे या लग्नानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी.

टिपणवही

तारखांचं बघू. १३ डिसेंबर चूक नाही. सारा बुश १३ डिसेंबर १७८८, मेरी टॉड १३ डिसेंबर १८१८. सासू-सुनेत बरोबर तीस वर्षांचं अंतर. प्रूफ वाचणारा 'दुरुस्त' करून टाकेल, म्हणून कच्च्या प्रतीवर शेजारी 'बरोबर आहे' असं लिहून ठेवा.

याहून घातक चूक वयांची. नुसत्या सालातून साल वजा केलंत तर या घरातली निम्मी वयं एकाने जास्त येतात, कारण बरेच जण वाढदिवसाआधी गेले:

मेरी, १८१८ ते १८८२. वजाबाकी ६४, खरं वय ६३.
बहीण सारा, १० फेब्रुवारी १८०७ ते २० जानेवारी १८२८. वजाबाकी २१, खरं वय २०, एकविसावं पुरं व्हायला तीन आठवडे कमी.
दुसरा मुलगा एडी, १० मार्च १८४६ ते १ फेब्रुवारी १८५०. वजाबाकी ४, खरं वय ३.
विली, २१ डिसेंबर १८५० ते २० फेब्रुवारी १८६२. वजाबाकी १२, खरं वय ११.
थोरला मुलगा रॉबर्ट, १ ऑगस्ट १८४३ ते २६ जुलै १९२६. वजाबाकी ८३, खरं वय ८२.
नातू जॅक, ऑगस्ट १८७३ ते मार्च १८९०. वजाबाकी १७, खरं वय १६.

खुद्द अब्राहम ५६, आई नॅन्सी ३४ आणि टॅड १८ (४ एप्रिल १८५३ ते १५ जुलै १८७१), हे तिघं नुसत्या वजाबाकीतही बरोबर येतात. फलकावर वय छापणार असाल तर पूर्ण तारखेवरूनच काढा. सालं तेवढी छापणार असाल तर वय छापूच नका, कारण दहावीतला एखादा तरी वजाबाकी करून बघणार.

नावांची पुनरावृत्ती हा पुढचा खड्डा. थेट वंशात अब्राहम तीन आहेत: आजोबा, राष्ट्राध्यक्ष, नातू. आजोबांना 'कॅप्टन अब्राहम', नातवाला 'जॅक' असं ठळक लिहा. टॉमसही तीन: वडील, बालपणीच गेलेला भाऊ, आणि चौथा मुलगा, ज्याला सगळे टॅड म्हणत. लहानपणी डोकं मोठं म्हणून बापाने 'टॅडपोल', म्हणजे बेडकाचं पिल्लू, असं लाडाने म्हटलं आणि तेच चिकटलं. सारा तीन: बहीण, सावत्र आई, सावत्र बहीण. मेरी चार: बायको, सून मेरी हार्लन, नात मेरी ऊर्फ मेमी, पणती मेरी ऊर्फ पेगी. आपल्याकडेही आजोबाचं नाव नातवाला ठेवतातच, पण आपल्या वंशावळीत शेजारी वडिलांचं नाव असल्याने माणूस ओळखू येतो. इथे टोपणनाव आणि जन्मसाल यांवरच भिस्त.

मेरीच्या खोक्यात 'मेरी टॉड लिंकन' लिहायला हरकत नाही, लोक तसंच ओळखतात. मात्र लग्नानंतर ती स्वतः सही करताना टॉड वापरत नसे, 'मेरी लिंकन' किंवा 'मिसेस ए. लिंकन' अशी करायची.

नॅन्सी हँक्सच्या वडिलांचा खोका काढू नका. ल्युसी हँक्स एवढं घेऊन तिथेच थांबा. इंटरनेटवर तिथे भरलेली नावं सापडतील, एकालाही कागदाचा आधार नाही.

नॅन्सीच्या मृत्यूचं कारण 'अज्ञात ताप' असं काही पुस्तकांत छापलंय, ते चूक. तो मिल्क सिकनेस होता. जंगलाच्या कडेला सावलीत वाढणारी स्नेकरूट नावाची पांढऱ्या फुलांची झुडपं असतात. उन्हाळ्याच्या शेवटी कुरणातलं गवत संपलं की गाई ती खातात, आणि त्यातलं ट्रेमेटॉल नावाचं विष दुधात उतरतं. गाय थरथरते, पण दूध देत असेल तर विष पिणाऱ्यापर्यंत आधी पोचतं. १८१८ च्या सप्टेंबरात इंडियानात लिटल पिजन क्रीकच्या वस्तीत आधी नॅन्सीची मावशी एलिझाबेथ स्पॅरो आणि तिचा नवरा गेले, ५ ऑक्टोबरला नॅन्सी गेली. अब्राहम नऊ वर्षांचा होता. डेनिस हँक्सला या स्पॅरोंनीच वाढवलं होतं. ते गेल्यावर तो लिंकनच्या घरात राहायला आला, आणि पुढे वर सांगितलेलं लग्न झालं. कोल्हापुरात दुधाचं महत्त्व कुणाला सांगायला नको, तेव्हा ही ओळ जरूर घ्या.

शाहूपुरी_डीटीपी

आकार आणि मांडणी. फ्लेक्स नको. फ्लेक्सवर बारीक अक्षर फुटतं, आणि आपल्याकडचा ऑपरेटर सवयीने कडेला फुलं आणि खाली शुभेच्छुक टाकून मोकळा होतो. व्हिनाइल प्रिंट काढून ५ एमएमच्या सनबोर्डवर चिकटवा. पूर्ण शीट ८ बाय ४ फूट असते, म्हणजे ९६ बाय ४८ इंच. त्यातच बसवू. वर मॅट लॅमिनेशन घ्या. ग्लॉसी घेतलंत तर ट्यूबलाइटची पट्टी नेमकी मधल्या ओळीवर चमकते.

थेट वंशाचे खोके मी २८ मोजले:

पहिली ओळ ३: कॅप्टन अब्राहम, त्याची बायको बॅथशेबा, आणि ल्युसी हँक्स.
दुसरी ओळ ५: सारा बुश, टॉमस, नॅन्सी, आणि मेरीचे आई-वडील एलायझा पार्कर, रॉबर्ट स्मिथ टॉड.
तिसरी ओळ ७: जॉन्स्टन तिघं, बहीण सारा, धाकटा टॉमस, अब्राहम, मेरी.
चौथी ओळ ५: सून मेरी हार्लन, रॉबर्ट, एडी, विली, टॅड.
पाचवी ओळ ५: मेमीचा नवरा चार्ल्स आयशम, मेमी, जॅक, धाकटी नात जेसी, तिचा नवरा वॉरन बेकविथ.
सहावी ओळ ३: लिंकन आयशम, मेरी ऊर्फ पेगी, रॉबर्ट बेकविथ.

खोका १० इंच रुंद, ५ इंच उंच. सर्वांत रुंद ओळ सातची: ७० इंच खोके, मधल्या सहा फटी तीन-तीन इंचांच्या म्हणजे १८, एकूण ८८. दोन्ही कडांना चार-चार इंच राहतात. उंचीत सहा ओळींचे ३० इंच, पाच फटींचे प्रत्येकी दोन म्हणजे १०, वर मथळ्याला ५, खाली ३. बरोबर ४८. यापेक्षा एकही ओळ वाढवाल तर अक्षर लहान करावं लागेल.

खोक्यात डावीकडे ३ इंच फोटो, उजवीकडे मजकूर. नावाचं अक्षर पाऊण इंच, तारीख आणि नातं अर्धा इंच. पाऊण इंच अक्षर सात-आठ फुटांवरून आरामात वाचता येतं. ओळींतलं अंतर इंग्रजीच्या सवयीने ठेवू नका, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

आता खरी मेख. अख्खी ८ फुटी शीट रिक्षात बसत नाही आणि जिन्यात वळत नाही, म्हणून दोन तुकडे करावे लागतात. बरोबर मध्ये, ४८ इंचांवर कापलंत तर सातच्या ओळीतला चौथा खोका दुभंगतो. कोण? लिंकनची सख्खी बहीण. म्हणून कापायचं ते डावीकडून ४१.५ इंचांवर, तिसऱ्या-चौथ्या खोक्याच्या फटीत. वर दिलेला क्रम डावीकडून उजवीकडे तसाच ठेवलात आणि सगळ्या ओळी त्याच सात घरांत बसवल्यात तर काप जॉन्स्टन मुलं आणि नॅन्सीची मुलं यांच्या मधून जातो, एकही खोका फुटत नाही. चौथ्या ओळीत मेरी हार्लन तिसऱ्या घरात, रॉबर्ट चौथ्या घरात. या जोडप्यापासून नातवंडांकडे उतरणारी उभी रेघ नेमकी ४१.५ वर येते, ती रॉबर्टच्या खोक्याखाली सरकवा. आडव्या रेघा कापावरून गेल्या तरी चालतात, उभी रेघ कापात गेली की दिसत नाही.

टॉमसची दोन लग्नं आहेत आणि या मांडणीत दुसरी बायको डावीकडे येते. म्हणून लग्नाच्या रेघांवर १ आणि २ असे आकडे टाका.

मेरीची भावंडं यात घुसवू नका. रॉबर्ट टॉडला दोन बायकांपासून सोळा मुलं: एलायझापासून सात, बेट्सी हम्फ्रीजपासून नऊ. त्यांना वेगळा ४ बाय ३ चा फलक, बेट्सीचा खोका तिथेच. साडू-मेहुणेही तिकडेच.

फाइल देताना एक काळजी. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टच्या सेटिंगमध्ये चिकटवला की 'ॲ', 'ऱ्य' आणि रफार हमखास फुटतात. इथे ॲरन आहे, हार्लन आहे, रॉबर्ट तर पावलोपावली आहे. पीडीएफ देताना अक्षरं कर्व्हज करून द्या आणि छापण्याआधी ए-फोरवर एक प्रत काढून रॉबर्टचा रफार तपासा.

वाचनकट्टा_करवीर

मनापासून आभार. ४१.५ वर काप ही गोष्ट आम्हाला छापून आल्यावरच कळली असती.

मुलांच्या खोक्यात एकेक ओळ माहिती द्यायची आहे. रॉबर्टबद्दल 'तीन राष्ट्राध्यक्षांच्या हत्या डोळ्यांनी पाहिल्या' असं सगळीकडे आहे. ते देऊ का? आणि फोटो, पत्र यांचं राहिलंच.

रंकाळा_संध्याकाळ

ते वाक्य देऊ नका, तसं झालेलं नाही. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री रॉबर्ट फोर्ड नाट्यगृहात नव्हता, व्हाइट हाउसमध्ये होता. बातमी कळल्यावर वडिलांच्या उशाशी पोचला. २ जुलै १८८१ ला गारफील्डवर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळ्या झाडल्या तेव्हा मात्र तो तिथे होता, कारण तेव्हा तो युद्धमंत्री होता. १९०१ मध्ये मॅकिन्लेवर बफेलोत हल्ला झाला तेव्हा तो गावात पोचतच होता. तिन्हींच्या जवळपास होता, पाहिली फार तर एक.

त्याऐवजी ही ओळ घ्या: यादवी युद्धाच्या काळात जर्सी सिटीच्या फलाटावरून रॉबर्ट गाडीखाली घसरत असताना त्याला कॉलर धरून वर ओढलं ते नट एडविन बूथने. पुढे लिंकनचा खून करणाऱ्या जॉन विल्क्स बूथचा हा सख्खा भाऊ. ही घटना खरी आहे, रॉबर्टने स्वतः सांगितलेली.

विलीच्या खोक्यात: व्हाइट हाउसमध्ये टायफॉइडने मृत्यू. टॅडही त्याच वेळी आजारी होता, तो वाचला. तीन वर्षांनी लिंकनची शवपेटी घेऊन जी गाडी २१ एप्रिल १८६५ ला वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला निघाली, तिच्यात विलीचीही पेटी होती. बाप-लेक एकाच गाडीने गावी गेले. टॅडच्या खोक्यात: बोलताना शब्द स्पष्ट उमटत नसत, वाचायला उशिरा शिकला, आईसोबत काही वर्षं फ्रँकफुर्टला होता, शिकागोत वारला.

मेरीबद्दल 'वेडी झाली' असं दोन शब्दांत उरकू नका. १९ मे १८७५ ला शिकागोत बारा जणांच्या ज्युरीपुढे सुनावणी झाली, साक्ष देणाऱ्यांत स्वतःचा मुलगा रॉबर्ट होता. बटेव्हियाच्या खाजगी रुग्णालयात ती सुमारे चार महिने राहिली, मग थोरल्या बहिणीकडे गेली. जून १८७६ मध्ये न्यायालयाने तिला पुन्हा शहाणी ठरवून मालमत्ता परत दिली. पहिला निकाल लिहिला तर दुसराही लिहायला हवा.

पैशांची एक ओळ ज्येष्ठांना आवडेल. लिंकन आयुष्यभर वकिली केलेला माणूस, पण मृत्युपत्र केलं नव्हतं. मागे राहिलेले सुमारे १,१०,००० डॉलर बायको आणि हयात असलेले दोन मुलगे यांच्यात सारखे वाटले गेले. मेरीला १८७० मध्ये वर्षाला ३,००० डॉलरची पेन्शन मंजूर झाली, १८८२ मध्ये ती ५,००० केली, आणि त्याच वर्षी मेरी गेली.

आता फोटो. सगळं कुटुंब एकत्र बसलेला फोटो अस्तित्वात नाही. अब्राहम आणि मेरी यांचा दोघांचा एकत्र फोटोसुद्धा नाही. तुम्ही म्हणता ती चित्रं नंतर जुळवून छापलेली आहेत. ओळखायची खूण सोपी: मध्ये लिंकन मांडीवर मोठं पुस्तक उघडून बसलाय आणि टॅड शेजारी उभा राहून त्यात बघतोय. एवढा भाग खरा, ९ फेब्रुवारी १८६४ ला ब्रॅडीच्या स्टुडिओत काढलेला. बाकी सगळे वेगवेगळ्या फोटोंवरून आणून भोवती बसवलेत, म्हणून कुणीच कुणाकडे बघत नाही. लिंकन बायबल वाचतोय अशी ओळही त्याखाली असते. ते बायबल नाही, स्टुडिओतला फोटोंचा अल्बम आहे. लिंकन आणि टॅडचा तो मूळ फोटो वापरा. नॅन्सी हँक्सचं खात्रीचं एकही चित्र नाही, तिची जागा रिकामी सोडा.

आणि हेडमास्तरांचं पत्र. मॅडमना वाईट वाटेल, पण लिंकनने असं पत्र लिहिल्याचा कसलाही पुरावा नाही, त्याच्या संग्रहित लेखनात ते नाही. मराठीत ते इतकं सुंदर उतरलंय की शाळाशाळांत भिंतीवर गेलं, तो भाग वेगळा. लिंकनच्या फलकाशेजारी लावलंत की ते त्याचंच ठरतं.

त्याऐवजी खरं पत्र लावा. रॉबर्ट १८५९ मध्ये हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेला बसला आणि सोळापैकी पंधरा विषयांत नापास झाला. मग वर्षभर एक्सेटरच्या शाळेत तयारी करून पुढच्या वर्षी आत गेला. त्याचा मित्र जॉर्ज लॅथम मात्र तेव्हाही नापास झाला. त्याला लिंकनने २२ जुलै १८६० ला धीर देणारं पत्र लिहिलं, स्वतः राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत असताना. दहावीच्या मुलांसमोर हे पत्र ठेवा.

खरी_कॉर्नर

दोन गोष्टी राहिल्या होत्या.

सून मेरी हार्लनचे वडील जेम्स हार्लन, आयोवाचे सिनेटर. त्यांना कुणी 'लिंकनचे व्याही' लिहील. लग्न २४ सप्टेंबर १८६८ चं, लिंकन जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हा 'मेरी लिंकनचे व्याही' म्हणा.

आणि सहाव्या ओळीखाली काय लिहायचं ते ठरवा. जॅक १८९० मध्ये लंडनला गळवाच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तदोष होऊन गेला, रॉबर्ट तेव्हा तिथे अमेरिकेचा राजदूत होता. लिंकन हे आडनाव चालवणारा मुलगा तिथेच संपला. रॉबर्टच्या मुलींची पोरं आयशम आणि बेकविथ. लिंकन आयशम १९७१ ला गेला, पेगी १९७५ ला, रॉबर्ट बेकविथ २४ डिसेंबर १९८५ ला, तिघांच्याही मागे वारस नाही. 'वंश खुंटला' असं लिहिलंत की कोल्हापुरात पहिला प्रश्न येणार: मग दत्तक का नाही घेतला? कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक येऊन शाहू छत्रपती झाले, त्या गावात हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर एका ओळीत देऊन ठेवा: तिथे गादी नव्हती, चालवायचं काही नव्हतं. आज कुणी लिंकनच्या घराण्यातला म्हणवत असेल तर तो थोरले चुलते मॉर्डेकाय किंवा मधले जोसाया यांच्याकडचा, नाहीतर हँक्सांकडचा, म्हणजे भाऊबंद. थेट वंशज नव्हे.

वाचनकट्टा_करवीर

मॉर्डेकायला खोका द्यावा का मग?

खरी_कॉर्नर

खोका नको, जागा नाही. टॉमसच्या खोक्यात एक ओळ: '१७८६ मध्ये वडील केंटकीत शेतावर मारले गेले; जमीन थोरल्या भावाला'. त्यावेळच्या व्हर्जिनियाच्या कायद्याने थोरल्यालाच सगळं मिळालं, आठ वर्षांच्या टॉमसच्या वाट्याला काही आलं नाही. तो सुतारकी करत गावोगाव का फिरला ते त्यातूनच समजतं.

शाहूपुरी_डीटीपी

अर्धा इंच अक्षरात ही ओळ त्या खोक्यात बसणार नाही. 'केंटकीत शेतावर' काढा, बसेल.